एका कोटात नणंद-भावजय

गेल्या वर्षी टोकियोतलं एक फार महागडं कपड्यांचं दुकान माझ्यामुळे काही वेळ बंद ठेवावं लागलं.

मी बाभुळगावच्या शाळेत शिकवते. यवतमाळहून रोज एसटीनं जाते-येते. माझ्यामुळे आजवर शाळेची घंटासुद्धा उशिरा झालेली नाही. पण सोबत कुंदाताई असल्या की माझं रक्त असं काही उकळतं की पुढचं माझ्या हातात राहत नाही. कुंदाताई म्हणजे माझी नणंद. ह्यांची मोठी बहीण. राहतात वणीला. दाजींचे कोळशाचे ट्रक चालतात, त्यामुळे घरात पैसा आहे आणि वाळत घातलेल्या प्रत्येक कपड्यावर धूळ आहे.

आमचा अनिकेत टोकियोत नोकरीला. त्यानं फोन करून सांगितलं, "आई, दिवाळीच्या सुट्टीत तू आणि बाबा दोघं या." दोघं! पोरानं स्वच्छ शब्दांत 'दोघं' म्हटलं होतं. ही गोष्ट ह्यांनी मोठ्या कौतुकानं बहिणीला सांगितली. (हे बियाण्याचं दुकान चालवतात. कुठं काय पेरावं हे गिऱ्हाइकाला बरोबर सांगतात. स्वतः मात्र बोलताना काहीही पेरतात.) संध्याकाळी कुंदाताईंचा मला फोन.

"संध्या, मी बी येतो जपानले."

"काहून?"

"काहून म्हणजे? मे मयन्यात माह्या श्वेताचं लग्न हाय. मले तिकून एक डिजायनर घ्यायचं हाय."

"डिझायनर माणूस असते, कुंदाताई. कपडा नाई."

"मंग त्याचा कपडा घेईन! माणूस हाय माह्या घरी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "राहू दे न." लग्नाला तीस वर्षं होत आली, हे एवढंच म्हणतात. पाऊस नाही आला, राहू दे न. गॅस संपला, राहू दे न. त्या दोन शब्दांनी माझी जेवढी चिडचिड झाली आहे तेवढी पाचवीच्या वर्गानंसुद्धा केली नाही.

आम्ही निघायच्या आधीच अख्ख्या वणीला खबर होती की कुंदाताई जपानी डिझायनरचा कपडा आणायला चालल्या आहेत. मला माझ्याच शाळेतल्या बाईंनी विचारलं, "नणदेसोबत चालल्या म्हणे तुमी?" नणदेसोबत! माझा पोरगा, माझं निमंत्रण, आणि मी सोबत! त्याच क्षणी मी ठरवलं की ती बाई जे घेईल त्याच्याहून भारी मी घेईन. खरं म्हणजे त्याआधी मला जपानी फॅशनमध्ये जपानी मुळ्याइतकासुद्धा रस नव्हता.

टोकियोत अनिकेतनं आम्हाला मंदिरं दाखवली, बागा दाखवल्या. कुंदाताई प्रत्येक बागेत विचारायच्या, "डिजायनर कोनत्या बाजूनं हाय?" शेवटी तो कंटाळून आम्हाला एका श्रीमंत भागात घेऊन गेला. दुकानाच्या दाराशी थांबून त्यानं बजावलं, "आई, आत्या, हात जोडतो. इथे ओरडायचं नाही. भाव करायचा नाही. भांडायचं नाही."

"मी कायले भांडू?" मी ओरडले.

आत गेलो. दुकान एवढं मोठं की त्यात आमची अख्खी शाळा परिपाठाला उभी राहिली असती. आणि कपडे किती? इकडे एक लटकलेला, तिकडे एक लटकलेला. मधे नुसती फरशी.

कुंदाताईंनी सगळीकडे नजर फिरवली. "माल संपला वाटते वो."

तेवढ्यात काळ्या कपड्यांतल्या तीन-चार मुली आल्या आणि कमरेत वाकल्या. हेसुद्धा वाकले. मुली परत वाकल्या. हे परत वाकले. पाहुणचारात यवतमाळ मागे राहता कामा नये असं ह्यांना वाटलं असावं. मग मुली आणखी खाली गेल्या, हे त्यांच्याही खाली गेले, आणि तिथेच राहिले.

"बाबा, बस झालं," अनिकेत कुजबुजला.

"उठता येऊन नाई राह्यलं," खालून आवाज आला.

ह्यांना तसंच दुमडलेल्या अवस्थेत नेऊन एका बाकावर ठेवलं. परदेशातल्या दुकानात शिरल्या शिरल्या कंबर धरणाऱ्या नवऱ्यावर चिडावं की नाही, तुम्हीच सांगा! पण मला चिडायला वेळच मिळाला नाही, कारण तेवढ्यात मला तो कोट दिसला.

काळा. लोकरीचा. एकटाच टांगलेला. त्याला बाह्या किती होत्या हे मला आजही खात्रीनं सांगता येणार नाही. काही बाह्यांना तोंड होतं, काही मधेच संपत होत्या, गळा कुठे आहे ते कळत नव्हतं, आणि एका बाजूनं कापड असं लोंबत होतं जसं शिंप्याला मधेच कोणीतरी फोन केला असावा. एरवी मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण कुंदाताईंचा हात त्याच्याकडे जाताना दिसला आणि मला तो जगातला सर्वांत सुंदर कोट वाटला.

मी एक बाही धरली. त्यांनी दुसरी धरली.

"मीनं पयले पाह्यला," त्या दात खाऊन म्हणाल्या.

"पाह्यला असन. धरला मीनं पयले."

"संध्या, सोड. माह्या पोरीचं लग्न हाय."

"मी मामी हाव तिची! मामी काय गोणपाट नेसून येईन?"

"माह्या साखरपुड्यातल्या पैठणीचं बी तू असंच केलतं!"

"ते पैठणी तुमच्या मायनं मले देल्ती!"

त्यातली एक मुलगी हळूच काहीतरी बोलली. अनिकेतनं सांगितलं, "हा एकच पीस आहे. दुसरा नाही." मग मान वळवून तो तिला जपानीत काही म्हणाला, आणि सगळ्या मुली आमच्याकडे बघून हसत पुन्हा वाकल्या.

"काय सांगतलं तिले?" मी विचारलं.

"म्हटलं, दोघींना कोट फार आवडला."

पोटचा पोरगा परक्या देशात माझ्या नावावर खोटं बोलला! मी त्याच संतापात म्हणाले, "मी घालून पाहतो." आणि कुंदाताई काही बोलायच्या आत कोट घेऊन त्या मुलीच्या मागे गेले.

कपडे घालून बघायच्या खोलीशी त्यांनी मला चपला काढायला लावल्या. ठीक आहे, देवळात काढतो, इथेही काढू. मग त्या मुलीनं दोन्ही हातांनी, फार आदरानं, मला पांढऱ्या झिरझिरीत कापडाची एक पिशवी दिली आणि ती डोक्यात घालायची खूण केली.

"अनिकेत!" माझा वर्गातला आवाज सुटला. "हे मले फासावर देऊन राह्यले काय?"

"आई, मेकअप कपड्याला लागू नये म्हणून देतात. सगळेच घालतात."

मेकअप! मी सकाळी तोंडाला साधी पावडर लावली होती. म्हणजे माझ्या तोंडानं यांचा कोट मळेल? वणीच्या कोळशातून आलेली बाई बाहेर उभी, आणि पिशवी मला? पण माघार घेतली तर कोट कुंदाताईंचा. मी पिशवी डोक्यात घातली, पडदा ओढला आणि कोटात शिरले.

आता पिशवीतून दिसतं थोडं. अंधुक. कोट काळा. जिथून डोकं काढलं ती बाही निघाली. मागे यायला गेले तर कोपर तिसऱ्याच भोकात. तो हात सोडवायला दुसरा हात घातला, तर तो गळ्यातून वर गेला आणि तिथेच राहिला. वर्गात पोरं हात वर करतात तसा. मी जेवढी ओढाताण केली तेवढा तो कोट आवळत गेला. घाम फुटला. राग तर असा आला की तो डिझायनर समोर असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं!

"संध्या, झालं काय वो?" बाहेरून कुंदाताई.

"हो. मस्त बसला," मी बाहीतून म्हणाले.

"मंग बाहेर ये न."

"येतो न. घाई काय हाय?"

"अवं, मले बी पाहू दे!" आणि त्या पडदा सारून आत! मग त्यांचं ते हसणं. वणीच्या खाणीतला भोंगा परवडला.

"बह्याड! डोकं कुठं हाय तुह्यं?"

"हसू नका! वढा!"

त्यांनी खालून ओढलं. मग वरून ओढलं. मग म्हणाल्या, "आतून ढकलतो, थांब," आणि एका लोंबत्या भागातून हात घातला. हातामागे खांदा गेला. खांद्यामागे डोकं. त्या कोटाला भोकांची काय कमी? एकाएकी माझ्या गालाला कुंदाताईंचा गाल लागला. बाहेरून बघणाऱ्याला एक काळा कोट आणि दोन डोकी दिसली असती. एक पिशवीतलं, एक मोकळं.

"आता तुमी कायले आल्या आत?"

"तुले काढाले आलती!"

"मंग काढा!"

"मलेच निंघता येऊन नाई राह्यलं न वो माय!"

"सरका!"

"तू सरक!"

आम्ही दोघी एकदम सरकलो. वेगवेगळ्या दिशांना. पाय अडकले, पडदा हातात आला, आणि आम्ही पडद्यासकट, चपलांशिवाय, त्या अफाट फरशीवर येऊन आदळलो. कुंदाताई खाली, मी वर. (हे मला आजही थोडं समाधान देतं.)

दुकानातल्या मुली धावत आल्या. एकीनं पळत जाऊन पुढचं दार लावलं आणि बाहेर पाटी टांगली. बाकीच्या गुडघ्यांवर बसल्या आणि आमची माफी मागायला लागल्या. आमची! वाकत होत्या, परत परत तोच शब्द म्हणत होत्या. मला राग अनावर झाला.

"माफी कायले मागून राह्यल्या? भांडा न! काही तरी बोला न!" मी पिशवीतून ओरडले. माणूस रागावलेला असताना समोरच्यानं माफी मागणं यासारखा दुसरा अपमान नाही. सगळा राग तसाच आत राहतो आणि सडतो.

आत अडकून राहिलेलं एक गिऱ्हाईक होतं. पांढऱ्या केसांची, अतिशय टापटीप आजी. तिनं आमच्याभोवती एक फेरी मारली, मान तिरकी करून नीट बघितलं आणि अनिकेतला काही विचारलं. अनिकेत लालबुंद झाला.

"काय म्हणते?" खालून कुंदाताई.

"विचारतायत, हा दोघींचा कोट याच मोसमात आला का?"

शेवटी त्या मुलींनी कुठला हात कुणाचा ते ठरवून आम्हाला सोडवलं. हा सगळा प्रकार हे बाकावरून बघत होते, दुमडलेलेच. आणि म्हणाले काय? "राहू दे न."

कोट आम्ही ठेवून पळणारच होतो. पण एका मुलीनं तो उजेडात धरला. तोंडाला पिशवी होती हो! पण खोबरेल तेल कुंदाताईंनी थापलं होतं, आणि पिशवी मला दिली होती! कॉलरवर (ती कॉलर होती असं धरू) हातभर तेलाचा डाग. ती मुलगी नुसती वाकली. अनिकेतनं निमूट कार्ड काढलं. किंमत मी सांगणार नाही. घरी परत जाताना तो आगगाडीत आमच्यापासून दूर उभा होता.

अशा रीतीनं कोट नणंद-भावजय दोघींचा झाला. विमानात आमचा तह ठरला: श्वेताच्या लग्नात वरातीचं स्वागत होईपर्यंत कोट माझा, आणि संध्याकाळी स्टेजवर कुंदाताईंचा. हे ठरवताना मे महिना, वणी आणि लोकर या तीन गोष्टी दोघींपैकी एकीनंही एकत्र विचारात घेतल्या नाहीत.

लग्नाच्या दिवशी डांबर वितळत होतं. कार्यालयाच्या दारात मी ओवाळणीचं ताट घेऊन, रेशमी साडीवर जपानी लोकरीचा कोट घालून उभी. घाम टाचांपर्यंत. समोरून येणारा प्रत्येक जण थबकायचा. एक म्हातारबुवा तर काळजीनं जवळ आले.

"काय वो बाई, हिवताप हाय काय?"

"डिझायनर हाय!" मी खेकसले.

"हो काय? मंग घरी पडून राहा न."

मी जरा थंड व्हावं म्हणून मोठ्या कूलरसमोर सरकले. एका भोकातून हवा शिरली ती बाकीच्या भोकांतून निघायला तयार नाही. कोट फुगला. ताटातला दिवा विझला. मांडवातली पोरं खो-खो हसायला लागली, आणि मागून कुंदाताई फिसकारल्या, "फाडशीन, फाडशीन! मले घालाचा हाय थो!"

"मंग घ्या न आताच! मी शिजून राह्यली इथं!"

"आता कायले? ठरलं ते ठरलं. शिज!"

त्याच वेळी बँड थांबला आणि समोर चंद्रपूरच्या विहीणबाई उभ्या राहिल्या. नवरदेवाची आई. मानपानात तिखट, अशी त्यांची ख्याती. साखरपुड्यात पानाचा विडा गार नव्हता म्हणून त्यांनी जेवण थांबवलं होतं. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, कोटावर होती. शुभकार्यात, दारात, ओवाळायला उभी असलेली मुलीची मामी, आणि नखशिखांत काळी! कुंदाताईंचा चेहरा पांढरा पडला. मागे दाजींनी रुमालानं कपाळ पुसलं. एका आत्याबाईंनी "माय वो, काळं!" असं म्हणून तोंडाला पदर लावला. श्वेता आतल्या खोलीच्या खिडकीतून बघत होती. तिचं तोंड रडवेलं झालेलं मला दिसलं, आणि पहिल्यांदाच मला रागाऐवजी भीती वाटली. एका कोटापायी पोरीचं लग्न दारातच अडलं तर?

"हे काय घातलं तुमी?" विहीणबाईंनी विचारलं.

मला भीती वाटली की काय होतं? मी जास्त जोरात बोलते. "जपानी हाय! मोठ्या डिझायनरचा हाय! टोकियोत एकच पीस होता! काळा तिकडं लय मानाचा रंग असते, तुमाले मालूम नसन तर विचारा माह्या पोराले!"

विहीणबाई एक पाऊल पुढे आल्या. कोटाचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं.

"मले घालून पाहू द्या बरं."

मी एवढ्या वेगानं कधीच कुठल्या कपड्यातून निघाले नव्हते. आणि त्या बाईनं काय करावं! एक हात इथून, एक हात तिथून, मान बरोबर गळ्यातून, लोंबतं कापड खांद्यावर टाकलं, आणि वळून उभ्या राहिल्या. सुंदर! अगदी त्यांच्यासाठीच शिवल्यासारखा! वऱ्हाडातल्या बाया म्हणाल्या, "वा!" बँडवाल्यानं उगाच एकदा झांज वाजवली.

"झकास हाय वो," विहीणबाई म्हणाल्या. तोंडावर चक्क हसू!

इथपर्यंत सगळं निभावलं होतं. आता त्यांनी कोट काढायचा, मी घ्यायचा, संध्याकाळी कुंदाताईंना द्यायचा. पण तीस वर्षं 'राहू दे न' म्हणणारा माझा नवरा नेमका त्याच क्षणी तोंड उघडून पुढे झाला. दोन्ही हात जोडले. (वाकला मात्र नाही.)

"राहू द्या न अंगावर, विहीणबाई. तुमचाच समजा. मामाकडून मान!"

आपल्याकडे असं म्हणायचं असतं आणि पुढच्यानं "छे छे, असं कसं" म्हणायचं असतं. एवढं चंद्रपूरच्या लोकांना माहीत असायला काय हरकत होती?

"बरं," विहीणबाई म्हणाल्या. आणि कोट घालून मांडवात निघून गेल्या.

लग्न व्यवस्थित लागलं. रुसवा नाही, फुगवा नाही. विहीणबाई दिवसभर इतक्या खूश की विड्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी आणि कुंदाताई स्वयंपाकघराच्या मागे भांड्यांच्या ढिगाजवळ जाऊन बसलो.

"माही पाळी बी नाई आली वो," कुंदाताई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "एकडाव बी नाई घातला मीनं."

"घातला न. टोकियोत. माह्यासोबत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघींनी मिळून तासभर विहीणबाईंना, ह्यांना, दाजींना आणि त्या डिझायनरला शिव्या घातल्या. एवढं मनापासून आमचं कधीच जमलं नव्हतं.

पण राग गेला म्हणता? परवा घरच्या ग्रुपवर विहीणबाईंचा फोटो आला. काश्मीरला गेल्या आहेत. मागे बर्फ, पुढे त्या, अंगात आमचा कोट. खाली लिहिलं होतं, "वणीवाल्यांचं प्रेम." वणीवाल्यांचं! पैसे यवतमाळच्या पोरानं भरले! माझं डोकं फिरलं. आज या बाईला चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून मी चष्मा लावला, पाय आपटत खुर्चीत बसले, आणि जळजळीत मजकूर टाइप करायला लागले. तेवढ्यात त्यांचाच पुढचा मेसेज आला: "संध्याबाई, तुमची पसंती एक नंबर हाय! पुढच्या डाव जपानले जासान तं याच्यावर शोभन अशी पर्स आणजा बरं."

हे माझ्या खांद्यावरून डोकावत होते. म्हणाले, "राहू दे न."

"राहू देत नाई!" मी ओरडले. "आज मी सोडत नसतो कोणाले!"

आधी लिहिलेलं सगळं मी पुसून टाकलं, मनातला सगळा संताप बोटांत आणला, दात-ओठ खाल्ले आणि उत्तर पाठवलं:

"रंग कोणता आणू?"